टायरची हवा आणि दैवाचा हवाला

चालत्या मोटारीचा टायर फुटणे ही दैवी आपत्ती नव्हे, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचे मागचे चाक फुटले, गाडी रस्ता सोडून खड्ड्यात कोसळली आणि तीत एका प्रवाशाचा मृत्यू झाला. त्याच्या कुटुंबीयांना सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर झाली, तेव्हा विमा कंपनीने उच्च न्यायालयात धाव घेऊन असा युक्तिवाद केला की, टायर फुटणे ही ईश्वरी करणी आहे, तीत चालकाचा काय दोष? न्यायालयाने तो फेटाळला. अतिवेग, हवा कमी किंवा अधिक असणे, झिजलेला टायर, तापमान ही कारणे माणसाच्या आटोक्यातली आहेत आणि प्रवासाला निघण्यापूर्वी टायरची स्थिती व हवा पाहणे हे चालकाचे कर्तव्य आहे, असा या निकालाचा आशय आहे.

या निकालाचा अर्थ मोटारमालकांनी नीट समजून घेतला पाहिजे, असे म्हणण्याचे एक विशेष कारण आहे. अलीकडच्या अनेक मोटारींच्या डॅशबोर्डवर एक पिवळे चिन्ह असते. खाली सपाट, वर उघडा असा नालासारखा आकार आणि त्याच्या मध्यभागी उद्गारचिन्ह. टायरमधील हवेचा दाब घटला की हा दिवा लागतो. म्हणजे पूर्वी चालक ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणू शकत होता, ती सोय आता उरलेली नाही. गाडीनेच त्याला सांगितलेले असते. असे असूनही हा दिवा लागला असता आपल्याकडे सामान्यतः तीन गोष्टी घडतात. एक तर त्याकडे दुर्लक्ष होते. किंवा तो बटण दाबून विझवला जातो. किंवा गॅरेजमध्ये जाऊन नको तो भाग बदलून घेतला जातो. पहिल्यात धोका आहे, दुसऱ्यात आत्मवंचना आहे आणि तिसऱ्यात ‘आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला’ असा प्रकार आहे.

दिव्यामागचा इतिहास

हा दिवा मोटार कंपन्यांच्या औदार्यातून आलेला नाही. तो अपघातांतून आलेला आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीला अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. हे टायर प्रामुख्याने फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर या मोटारीवर बसवलेले होते. वेगात असताना टायरचा वरचा थर सुटून येई आणि उंच बांध्याची ती गाडी उलटे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने या अपघातांशी संबंधित २७१ मृत्यूंची नोंद केली. टायरच्या निर्मितीतील दोष हे त्याचे एक कारण होते. पण हवेच्या दाबाचा प्रश्नही त्यात गुंतलेला होता. फोर्डने २६ पौंड दाबाची शिफारस केली होती, तर फायरस्टोनच्या मते तो ३० पौंड असायला हवा होता. दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवीत राहिल्या आणि मधल्या मध्ये ग्राहक भरडला गेला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने कायदा करून टायरमधील हवा घटल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची करण्याचे ठरविले. पुढे जे घडले ते अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावे असे आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतील नियमन परीक्षण कार्यालयाने या नियमाचा मसुदा परत पाठविला. स्वस्त पद्धतीलाही मुभा दिली, तर कंपन्या त्या पद्धतीला लागणारे ब्रेकचे आधुनिक तंत्र अधिक गाड्यांवर बसवतील आणि त्यातून जास्त जीव वाचतील, असा त्या कार्यालयाचा हिशेब होता. त्यानुसार सौम्य नियम आला. परंतु ती स्वस्त पद्धत दोन किंवा चार टायरांची हवा एकदमच उतरली तर गप्प बसू शकत होती. एका ग्राहक संघटनेने न्यायालयात दाद मागितली आणि ऑगस्ट २००३ मध्ये न्यायालयाने सांगितले की, कायदा टायरविषयी आहे, तेव्हा टायरचे काम जी यंत्रणा अर्धवट करते ती चालणार नाही. अखेर २००५ मध्ये सुधारित नियम आला आणि सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेतील सर्व नव्या हलक्या वाहनांना तो लागू झाला. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ही यंत्रणा आवश्यक झाली.

भारतात २०२० मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने नियमांत दुरुस्ती करून असे ठरविले की, लहान प्रवासी मोटारीला ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीची पेटी आणि दाब दाखविणारी ही यंत्रणा असेल, तर तिला स्टेपनी देण्याचे बंधन नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर येथे एका वस्तूच्या जागी माहिती आली. पाचवे चाक गेले आणि त्याच्या बदल्यात एक दिवा मिळाला. हा सौदा वाईट आहे असे नाही. जागा वाचते, वजन घटते. मात्र माहिती खरी असेल आणि ती घेणाऱ्याला तिचा अर्थ कळत असेल, तरच तो फायद्याचा ठरतो. अन्यथा स्टेपनीही नाही आणि शहाणपणही नाही, अशी अवस्था ओढवायची.

दिवा नेमके काय सांगतो?

ही यंत्रणा दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, हवा भरण्याच्या व्हॉल्व्हला जोडून एक छोटा संवेदक असतो. तो प्रत्यक्ष दाब मोजतो आणि रेडिओलहरींनी गाडीला कळवितो. त्यात एक बॅटरी असते; ती साधारण पाच ते दहा वर्षे टिकते आणि बहुधा वेगळी बदलता येत नाही. दुसऱ्या प्रकारात दाब मोजलाच जात नाही. हवा कमी झालेले चाक किंचित बसते, त्याची त्रिज्या घटते आणि तेवढेच अंतर तोडण्यासाठी ते इतरांपेक्षा जास्त फेरे घेते. ब्रेकच्या यंत्रणेतील वेगमापक हा फरक टिपतात आणि त्यावरून हवेचे अनुमान काढले जाते. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ती पुस्तिका बहुतेकांच्या गाडीत प्लास्टिकच्या वेष्टनासह सुरक्षित असते.

पुढचा भेद याहून महत्त्वाचा आहे. दिवा लागून स्थिर राहिला, तर त्याचा अर्थ हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर तो सुमारे एक ते दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ यंत्रणाच बिघडली आहे. पहिल्यात टायर आजारी आहे. दुसऱ्यात वैद्य आजारी आहे. या दोहोंची गल्लत झाली की पुढचा सारा खर्च वाया जातो.

दिवा स्थिर असेल, तर रीत साधी आहे. गाडी सावकाश बाजूला घ्यावी, चारही टायरांकडे डोळ्यांनी पाहावे. एखादा स्पष्ट बसलेला दिसला तर त्यावर गाडी पुढे रेटू नये. तसे नसेल तर जवळच्या ठिकाणी दाब मोजावा. खरा दाब थंड टायरचा. गाडी तीन तास उभी असेल किंवा फार तर दीड किलोमीटर चालली असेल, तरच मोजलेला आकडा ताडून पाहण्याजोगा असतो. तो कशाशी ताडायचा? चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत चिकटविलेल्या पट्टीशी. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते. तितकी हवा भरावी असा त्याचा अर्थ नाही. त्या पट्टीवर अनेकदा दोन आकडे असतात, एक मोजक्या माणसांसाठी आणि दुसरा पूर्ण भारासाठी. गणपतीला पाच माणसे आणि सामानसुमान घेऊन कोकणात उतरणाऱ्याने दुसरा आकडा पाहायचा असतो.

हवा भरल्यावरही दिवा लगेच विझेल असे नाही. उभ्या गाडीत संवेदक झोपलेले असतात. काही किलोमीटर चालविल्यावर ते जागे होतात. एवढे करून दिवा विझला आणि पुन्हा चार-आठ दिवसांत लागला, तर हवा कुठून तरी झिरपत आहे. खिळा, सैल झालेला व्हॉल्व्ह, खड्ड्यात आपटून वाकलेली रिम, यांपैकी काहीतरी कारण असते आणि साबणाच्या पाण्याचे फुगे ते दाखवून देतात. हे काम रस्त्याकडेचा पंक्चरवाला अर्ध्या तासात करतो. फक्त टायर उतरविताना चाकात संवेदक आहे हे त्याला आधी सांगावे, नाहीतर पहारीच्या एका झटक्यात तो मोडतो आणि काही हजार रुपयांचा भुर्दंड बसतो.

थंडीत पहाटे दिवा लागतो आणि दुपारी विझतो, म्हणून यंत्रणा वेडी आहे असे अनेक जण ठरवून टाकतात. वस्तुतः ती शहाणी असते. एप्रिलच्या दुपारी, टायर तापून ५० अंशांवर असताना ३३ पौंड हवा भरली असेल, तर निफाडच्या डिसेंबरमधील १० अंशांच्या पहाटे तीच हवा सुमारे २७ पौंड भरते. शिवाय चांगल्या टायरमधूनही दरमहा एक-दोन पौंड हवा आपोआप जातेच. म्हणजे उन्हाळ्यापासून टायरला हात न लावणाऱ्याच्या गाडीत दिवा लागला, तर त्यात नवल काय?

आधारवर्षाची गफलत

दुसऱ्या प्रकारच्या यंत्रणेत एक बटण असते. हवा योग्य तितकी भरल्यानंतर ते दाबायचे, म्हणजे ‘हा दाब बरोबर आहे, यापुढे याच्याशी तुलना कर’ असे गाडीला सांगितले जाते. आपल्याकडे मात्र हवा न भरताच हे बटण दाबून दिवा विझविला जातो. निर्देशांकांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना यातील गफलत तत्काळ ध्यानात येईल. दुष्काळाचे वर्ष आधारवर्ष म्हणून धरले, की पुढचे प्रत्येक वर्ष सुबत्तेचे दिसू लागते. अर्ध्या हवेचा टायर एकदा प्रमाण मानला, की गाडी त्याच अर्ध्या हवेला सुस्थिती समजते आणि खरा धोका येईपर्यंत मौन पाळते. आकडेवारी सुधारली आणि परिस्थिती तशीच राहिली, अशी उदाहरणे सार्वजनिक जीवनात आपण पुष्कळ पाहतो. त्यावर टीका करणारा सुशिक्षित मध्यमवर्गीय स्वतःच्या गाडीत मात्र तेच करतो, ही गंमत म्हणायची की शोकांतिका?

आणखी एक भ्रम विदर्भ-मराठवाड्यात फार रूढ आहे. उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून टायर फुटू नये यासाठी ती थोडी कमीच ठेवावी, असे अनुभवी चालकही सांगतात. याचा परिणाम नेमका उलटा होतो. कमी हवेच्या टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक दुमडतात. त्या दुमडण्याने उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेने टायरचे थर सुटू लागतात. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. ४५ अंशांच्या उन्हात, तापलेल्या काँक्रीटवर, ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने तासन् तास धावणाऱ्या गाडीत ही कमी हवा किती घातक ठरू शकते, हे वेगळे सांगायला नको. शिफारशीइतकी हवा ठरविताना टायर तापणार हे गृहीत धरलेले असते. म्हणून तापलेल्या टायरची हवा सोडू नये.

महाग नायट्रोजनचे आकर्षणही याच अज्ञानावर पोसले जाते. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. उरलेल्या अंशाचा थोडा लाभ असेलही. पण महिन्यातून एकदा दाब तपासण्याच्या सवयीची जागा तो घेऊ शकत नाही.

दोष एकट्या चालकाचा नाही

येथवर चालकाला चार शब्द सुनावले, पण एवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल. ज्याच्यावर जबाबदारी टाकायची त्याच्या हाती साधनही द्यावे लागते. उच्च न्यायालयाने हवा तपासणे हे कर्तव्य ठरविले. ते कर्तव्य बजावायला चालक जातो कुठे? पेट्रोल पंपावर. पंपावर हवा विनामूल्य मिळाली पाहिजे असा तेल कंपन्यांचा दंडक आहे. प्रत्यक्षात यंत्र बंद आहे, माणूस जेवायला गेला आहे, किंवा यंत्र चालू आहे पण त्याच्या काट्यावर कोणाचाही विश्वास नाही, असा अनुभव राज्यात कोठेही येतो. एकाच टायरचा दाब दोन पंपांवर तीन-चार पौंडांनी वेगळा भरतो, हे तर चालकांच्या अंगवळणी पडले आहे. इंधन मोजणाऱ्या यंत्राची वैधमापनशास्त्र यंत्रणेकडून दरवर्षी पडताळणी होते, त्यावर मुद्रा उमटते. लिटरमागे चार थेंब कमी मिळाले तर ग्राहकाचे पैसे जातात, म्हणून ही दक्षता. हवेचा काटा चुकला तर जीव जातो, पण हवा फुकट असल्यामुळे तिच्या मापाची तितकी पत्रास कोणी ठेवत नाही. ज्या वस्तूला किंमत नाही तिच्या मोजमापाकडे बाजार दुर्लक्ष करतो आणि नेमकी तेथेच शासनाची गरज असते.

दुसरा प्रश्न दुरुस्तीच्या बाजाराचा आहे. विक्रेत्याला जे ठाऊक असते ते ग्राहकाला नसते, तेव्हा बाजार कसा नासतो हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन दाखविले होते. मोटारदुरुस्तीत ही विषमता अधिकच तीव्र असते. दिवा लागला म्हणून आलेल्या ग्राहकाला चारही टायरांचा दाब लिहून न देता ‘सेन्सर गेला आहे’ असे सांगितले, तर तो काय करणार? संवेदकाची बॅटरी संपली आहे की नाही, कोणत्या चाकाचा संवेदक उत्तर देत नाही, हे वाचणारे उपकरण असते. ते लावून निघालेला निष्कर्ष ग्राहकाला लेखी मिळायला हवा. निदान आधी आणि उपचार नंतर, हा वैद्यकातील नियम गॅरेजलाही लागू आहे.

यावर असा आक्षेप येईल की, इतकी काळजी घ्यायची तर मग दिव्याचा उपयोग काय? उपयोग निश्चित आहे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनानुसार, प्रत्यक्ष दाब मोजणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांत धोकादायकरीत्या कमी हवेचा टायर आढळण्याची शक्यता निम्म्याहून अधिक घटली होती. पण तेथील नियमानुसार दिवा लागतो तो दाब २५ टक्क्यांनी खाली गेल्यावर. म्हणजे ३३ पौंडांचा टायर २५ पौंडांवर येईपर्यंत तो बोलत नाही. या दोहोंमधल्या टप्प्यात टायर झिजतो, इंधन थोडे अधिक जळते आणि ब्रेकचे अंतर वाढू शकते. सॅम पेल्टझमन या अर्थशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये असा विचार मांडला होता की, सुरक्षेची साधने वाढली की चालक तितकाच बेफिकीर होतो आणि लाभाचा काही भाग गमावतो. त्यांचे सगळे निष्कर्ष मान्य करण्याचे कारण नाही. पण ‘दिवा नाही, म्हणजे सारे आलबेल’ ही आपली वृत्ती पाहता तो इशारा विसरण्याजोगाही नाही.

करण्याजोग्या चार गोष्टी

देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील किती मृत्यू टायरमुळे झाले याचा काथ्याकूट येथे करण्याचे कारण नाही. किंबहुना ‘टायर फुटला’ हे अपघातानंतर पुढे केले जाणारे सर्वांत सोयीस्कर कारण असते. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बसच्या अपघातात २५ प्रवाशांचा होरपळून अंत झाला, तेव्हाही प्रथम टायरचेच नाव घेतले गेले. परिवहन अधिकाऱ्यांच्या तपासणीत त्याला आधार सापडला नाही. टायरला दैव समजण्याचा हा दुसरा तोटा आहे. खरा टायरदोष टाळायचा राहून जातो आणि खोटा टायरदोष इतरांच्या चुका झाकतो.

म्हणून चार साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, पेट्रोल पंपावरील हवेच्या काट्याची पडताळणी इंधनयंत्राइतक्याच कसोशीने व्हावी आणि तिची तारीख यंत्रावर ठळक लावावी. दुसरी, दाराच्या चौकटीवरील हवेची पट्टी आणि या दिव्याचे स्पष्टीकरण मराठीतही द्यावे. मोटार चालविणारा बराच मोठा वर्ग इंग्रजी पुस्तिका वाचत नाही. तिसरी, प्रत्येक सर्व्हिसिंगच्या बिलावर चारही टायरांचा आणि असल्यास स्टेपनीचा, काम करण्यापूर्वीचा आणि नंतरचा दाब नोंदविणे बंधनकारक करावे. चौथी, वाहन परवान्याच्या चाचणीत उमेदवाराला प्रत्यक्ष हवा मोजायला लावावी. आठचा आकडा काढता येतो, पण टायरचा आकडा वाचता येत नाही, असा चालक अर्धाच शिकलेला आहे.

यांपैकी एकाही गोष्टीला मोठे भांडवल लागत नाही, परदेशी तंत्र लागत नाही, की नवा कायदा संसदेत संमत करावा लागत नाही. आणि शासन हे सारे करीपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. चांगला दाबमापक काही शे रुपयांत मिळतो. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी हलविण्यापूर्वी, पाच मिनिटे खर्च करून चार आकडे लिहून ठेवणाऱ्याच्या गाडीत तो पिवळा दिवा क्वचितच लागेल. आणि लागलाच तर त्याचा अर्थ काय, हे विचारायला त्याला कोणाकडे जावे लागणार नाही.